२ मे : राघोजींना हार घालू, पण दावाही भरू



हा अंक पाड्यापाड्यात पोचेल तेव्हा राब भाजून झालेले असतील, करवंदं काळी पडायला लागली असतील आणि मे महिना दाराशी आलेला असेल. १ मे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी झेंडा होतो, सुट्टी असते, भाषणं होतात. दुसऱ्या दिवशीची, २ मेची आठवण मात्र फार थोड्यांना असते. १८४८ साली याच दिवशी ठाण्याच्या जेलात राघोजी भांगरे यांना इंग्रज सरकारनं फाशी दिली.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते जेल बाहेरून पाहिलेलं आहे. तारखेला कोर्टात जायचं, कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा, तर कोर्टनाक्यावर उतरावंच लागतं. तिथून जवळच ती जुनी दगडी भिंत. मुळात तो किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या शेवटी इंग्रजांच्या हातात गेला आणि त्यांनी त्याचं जेल केलं. आपण अर्जाचा कागद पिशवीत घालून त्या भिंतीच्या बाजूनं चालत जातो. आत कोणाला लटकवलं आणि कशासाठी, हे आपल्याला ना शाळेत सांगितलं, ना कचेरीत.

मागं एका पाड्यातल्या बैठकीत एका म्हातारीनं विचारलं होतं, "हा राघोजी आपल्यातला का रं? तो तर घाटावरचा." प्रश्न बरोबर आहे. राघोजी महादेव कोळी. त्यांचं गाव देवगाव, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं. ८ नोव्हेंबर १८०५ ला जन्म. घोडबंदर रोडच्या बाजूच्या पाड्यांत वारली आहेत, कातकरी आहेत, मल्हार कोळी आहेत, ठाकर-कोकणा आहेत. जात बघितली तर राघोजी आपल्यातल्या थोड्यांचेच. पण त्यांच्यावर जे आलं ते काय होतं, एवढं बघा. तेच आपल्यावर आलेलं आहे. म्हणून हा अग्रलेख.

पहिली गोष्ट. बंड का झालं?

सह्याद्रीच्या त्या भागातले कोळी नाईक पिढ्यान्‌पिढ्या घाट राखायचे, किल्ले राखायचे. रतनगड, हरिश्चंद्रगड, खाली कोकणात उतरणाऱ्या वाटा. वाटसरू आणि माल सुखरूप पोचवायचा, बदल्यात त्यांना जमीन, धान्याचा वाटा, मानपान. यालाच ते 'हक्क' म्हणायचे. हा हक्क कोणी दान दिलेला नव्हता, राखणीच्या कामातून आलेला होता. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि इंग्रज आले. त्यांना डोंगरातले किल्लेच नको होते. किल्ल्यांच्या वाटा-पायऱ्या सुरुंगानं उडवल्या, शिबंदी मोडली. मग नाईकांचे हक्क कमी केले, काहींचे बंदच केले. यासाठी लढाई करावी लागली नाही. कचेरीत बसून एका वहीतलं नाव खोडलं, आकडा कमी केला, झालं.

राघोजींचे वडील रामजी भांगरे सरकारी पोलिसात जमादार होते. म्हणजे सरकारशी भांडायचं म्हणून जन्मलेला हा माणूस नव्हता. हक्क गेले तेव्हा आधी अर्जविनंत्या झाल्या. कोणी ऐकलं नाही. मग १८२८ च्या सुमाराला रामजी डोंगरात गेले. त्यांच्या बरोबर रामा किरवा आणि इतर नाईक होते. हे बंड मोडायला कप्तान मॅकिंटॉश नावाचा अधिकारी नेमला. त्यानं डोंगराच्या वाटा अडवल्या, गावांवर दाब आणला, माणसं फोडली. रामा किरवा पकडले गेले आणि नगरला त्यांना फाशी झाली. नंतर त्याच मॅकिंटॉशनं महादेव कोळी जमातीवर मोठा लेख लिहिला. आज कोणी त्या जमातीचा इतिहास लिहायला बसला की त्याला हाच लेख उघडावा लागतो. ज्यानं बंड मोडलं, त्याच्याच हातून आपला इतिहास लिहिला गेला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट. सावकार.

इंग्रजांनी जमिनीचा सारा रोख पैशात मागितला. डोंगरात पिकतं काय? नाचणी, वरई, थोडा भात. पैसा कुठून येणार? हप्त्याची तारीख आली की सावकाराच्या दारात. आज खावटीला धान्य घेतलं, उद्या दीडपट-दुप्पट परत. घेणाऱ्याला वाचता येत नाही. कर्जरोखा सावकार लिहिणार, अंगठा आपला. पूर्वीच्या काळीही सावकार होताच, पण तेव्हा त्याला गावात राहायचं होतं, गावाची भीड होती. आता त्याच्या मागं कोर्ट उभं राहिलं. कोर्ट विचारणार, कागद आहे का? आहे. मग डिक्री. जमीन गेली. ज्या मातीत बापाच्या बापानं बांध घातला, ती माती एका अंगठ्यानं गेली.

राघोजी आणि त्यांचे भाऊ बापू यांनी शस्त्र उचललं ते यातून. सावकारांच्या घरांवर छापे पडू लागले. सावकारांनी पोलिसात तक्रार केली, पोलीस राघोजींना शोधत घरी आले. ते सापडले नाहीत, तर त्यांच्या आईला छळलं. हे आपण पदरचं सांगत नाही, इंग्रजांनी स्वतः लिहिलेल्या इतिहासातही आहे. आईचे हाल ऐकून राघोजी पेटले. १८४४ साली त्यांच्या लोकांनी एक अंमलदार आणि दहा शिपाई ठार केले. १८४५ ला नगर, पुणे, नाशिक, ठाणे या चारही बाजूंच्या डोंगरपट्ट्यात बंड पसरलं. गावोगावच्या लोकांनी भाकरी दिली, वाट दाखवली, खबर दिली. आपल्या मुरबाड-शहापूरच्या डोंगरातही त्यांचा वावर होता. सावकार गावं सोडून पळाले.

इथं एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. राघोजींच्या लोकांनी सावकारांची नाकं कापली. ही गोष्ट सांगताना कधी कधी आपली पोरं टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नाही. त्यांचा राग खरा होता, आईच्या छळाचा होता, पण नाक कापून कर्जरोखा फाटत नाही. सावकार पळाला, त्याच्या मागचं कोर्ट तिथंच राहिलं, साऱ्याची वही तिथंच राहिली. दुसरा सावकार आला. आणि हेही पोरांना सांगा, की सावकाराची जात बघू नका, त्याची वही बघा. आज आपल्याच जातीचा, आपल्याच पाड्यातला माणूस दलाल होऊन आपला अंगठा घेऊन जातो, तेव्हा कोणाचं नाक कापणार?

तिसरी गोष्ट. राघोजी पकडले कसे गेले?

१८४५ ला भाऊ बापू पकडले गेले. डोंगरातल्या गावांवर चौक्या बसल्या. राघोजींना धरून देणाऱ्याला मोठं इनाम लावलं. एकेक आसरा बंद होत गेला. राघोजी अडीच-तीन वर्षं वेष पालटून हिंडत राहिले. शेवटी २ जानेवारी १८४८ ला पंढरपुरात लेफ्टनंट गेल यानं त्यांना पकडलं. ते विठोबाच्या दर्शनाला गेले होते. ज्या डोंगरात शेकडो माणसं त्यांच्यामागं उभी होती, तिथं ते कोणाला सापडले नाहीत. अनोळखी गर्दीत, एकटे असताना सापडले. तिथून ठाण्याला आणलं, खटला चालला आणि बरोबर चार महिन्यांनी, २ मे १८४८ ला, फाशी. फासावर नको, गोळी घाला नाहीतर तलवारीनं मारा, असं त्यांनी मागितलं होतं, असं घाटावरची जुनी माणसं सांगतात. वय त्रेचाळीससुद्धा पुरं नव्हतं.

चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. त्यांना फाशी देताना सरकारनं कागदावर काय लिहिलं?

'दरोडेखोर.' 'बंडखोर टोळीचा म्होरक्या.' हक्कासाठी भांडणारा नाईक असं लिहिलं नाही. तसं लिहिलं असतं तर प्रश्न आला असता, कोणता हक्क? कोणी काढून घेतला? दरोडेखोर म्हटलं की प्रश्नच संपला. दरोडेखोराला हक्क नसतो, फक्त शिक्षा असते.

आता आपल्याकडे बघा. आपल्याला कागदावर काय म्हणतात? 'अतिक्रमणदार.' शब्द बदलला, काम तेच. अतिक्रमणदार म्हटलं की पाडा किती जुना, आंब्याचं झाड कोणी लावलं, वाघोबाचा दगड कधीपासून पुजला जातो, हे काही विचारावं लागत नाही. फक्त नोटीस द्यायची.

हा शब्द आकाशातून पडला नाही. राघोजी पकडले जाण्याच्या आधीच्या वर्षी, १८४७ ला, मुंबई इलाख्यात जंगलावर पहिला मोठा अधिकारी नेमला गेला, डॉक्टर गिब्सन. मग १८६५ चा जंगल कायदा, १८७८ चा, १९२७ चा. रेषा आखल्या, खांब रोवले. रेषेच्या आत जे राहत होते ते जागचे हलले नव्हते, पण एका रात्रीत सरकारच्या घरात घुसलेले ठरले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलाच्या जाचाविरुद्ध एवढी ओरड झाली की १८८५ ला सरकारला चौकशी कमिशन नेमावं लागलं. स्वातंत्र्य आलं, झेंडा बदलला, १९२७ चा कायदा तोच राहिला. १९९७ ला राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं काढायचा हुकूम हायकोर्टातून आला आणि हजारो झोपड्या पाडल्या. त्या धामधुमीत कालपरवा आलेला कोण आणि उद्यान व्हायच्या आधीपासून राहणारा आदिवासी कोण, हा फरक करायला किती जण थांबले? आपल्याच लोकांना आपणच आपल्या जागेचे आहोत हे दाखवत फिरावं लागलं.

म्हणून कोणी म्हणेल, राघोजी हरले, एवढं लढून काय मिळालं? साथींनो, बंड एका फाशीनं संपत नाही. १८७३ ते १८७६ त्याच डोंगरात होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड केलं. १८७५ ला पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे चव्हाट्यावर आणून जाळले. ते शेतकरी आदिवासी नव्हते, पण दुखणं तेच होतं. त्यांनी माणसाचं नाक नाही, कागद धरला. आणि त्यानंतर १८७९ ला सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी गोळीला सामोरे गेले. १९४५ ला आपल्याच ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूकडं, वारल्यांनी वेठबिगार नाकारली. तलवाड्याला १० ऑक्टोबरला गोळीबार झाला, माणसं मेली, पण वेठ मोडली. तिथं एक राघोजी नव्हता, गावंच्या गावं उभी होती. एका माणसाला पंढरपुरात पकडता येतं, सगळ्या पाड्याला कुठं पकडणार?

आता घोडबंदर रोडवर येऊ.

माजिवड्याहून गायमुखाकडं बस धरा आणि थांब्यांची नावं ऐका. मानपाडा. पातलीपाडा. भाईंदरपाडा. पुढं काजूपाडा. प्रत्येक नावात पाडा आहे. मग खिडकीतून बाहेर बघा, पाडा दिसतो का? तीस-तीस मजल्यांचे टॉवर दिसतात, मॉल दिसतात, जाहिरातीचे फलक दिसतात, 'जंगलाच्या कुशीत घर' म्हणून. पाडा त्यांच्या मागं, डोंगराच्या पायाशी, नाहीतर वर येऊरला. नाव रस्त्याला दिलं, जमीन दुसऱ्याला दिली. राघोजींचंही तसंच चाललं आहे. नाव चौकाला देतात, पुतळा करतात, २ मेला जेलवर हार घालायला मोठी माणसं येतात. घाला हार, आम्हीही घालू. पण हार घालणाऱ्या हातानं आमच्या दाव्यावर सही करायला सांगितली की तो हात का थांबतो, हे आम्ही विचारणार.

आणि नेमकं आता इथं काय चाललं आहे ते उघड बोलू. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन पाड्यांत माणसं गाडी घेऊन येतात. साहेबासारखी दिसतात, गोड बोलतात. "काका, तुमचं घर पक्कं होणार, इथं सही करा, नंतर सगळं भरू." स्टॅम्पपेपर कोरा. एका घरात शिकलेली पोरगी होती, तिनं कागद हातात घेऊन विचारलं, "यात लिहिलंय काय?" तर गाडी निघून गेली. दुसऱ्या घरात विचारणारं कोणी नव्हतं. तिथं अंगठा झाला. साथींनो, १८४० च्या सावकाराचा कर्जरोखा आणि हा कोरा स्टॅम्पपेपर यात काही फरक आहे का, तुम्हीच सांगा.

म्हणून या २ मेला आमचं सांगणं भाषणाचं नाही, कामाचं आहे. नीट ऐका, ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवा.

एक. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, सही नाही. कोणाच्याही सांगण्यावरून नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि वनहक्काची जमीन तर वारसाला जाते, विकता येतच नाही. ती विकत घेतो म्हणणारा माणूस एकतर कायदा जाणत नाही, नाहीतर तुम्हाला फसवतो आहे.

दोन. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांनी दावा भरला नाही त्यांनी भरा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असाल, त्या जागेत राहत असाल, तर तो तुमचा हक्क आहे, ४ हेक्टरपर्यंत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. बायांनो, हे घरात बजावून सांगा. नुसता घराचा, शेताचा नाही, सामूहिक दावाही भरा. गुरांची वाट, पाण्याची जागा, मोहाची, करवंदाची, पाल्याची जागा, मसणवट, देवाची जागा, हे सगळं त्यात येतं.

तीन. "पुरावा काय?" असं विचारतील. पावती, दंडाची नोंद, जुना नकाशा असेल तर उत्तमच. नसेल तर गप्प बसू नका. नियमातच लिहिलं आहे, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा पुरावा आहे. घर, बांध, विहीर, झाडं, मसणवट, देवस्थान, हे पुरावे आहेत. एकापेक्षा जास्त जोडा. म्हणून पाड्यातल्या आजा-आजींचा जबाब आत्ताच लिहून घ्या. त्या गेल्या की पुरावा गेला.

चार. "इथं महानगरपालिका आहे, ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कसली?" असं सांगून अर्ज परत करतील. तेव्हा कायद्यातली 'गाव' या शब्दाची व्याख्या वाचून दाखवा. जंगलगाव, जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव, सरकारनं गाव म्हणून जाहीर केलेलं असो वा नसो, कायदा त्याला गाव म्हणतो. आपला पाडा जुनी वस्ती नाही तर काय आहे? अर्ज घेत नसतील तर पोच मागा. पोच देत नसतील तर तसं लिहून द्या म्हणा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

पाच. दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत कोणाला जागेवरून उठवता येत नाही, असं कायदा सांगतो. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करता येतं. साठ दिवस म्हणजे फार नाहीत, एक लग्नसराई उलटली की संपतात.

काही तरुण साथी म्हणतात, हे अर्ज-दावे म्हणजे बंड आहे का? राघोजींनी तलवार घेतली, आपण फॉर्म भरतो! त्यांना आमचं एवढंच सांगणं. राघोजींच्या बापाचा हक्क वहीतून खोडला गेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमिनी कर्जरोख्यानं गेल्या. स्वतः राघोजींना कागदावर दरोडेखोर लिहून फासावर नेलं. प्रत्येक वेळी कागद त्यांच्या हातात होता, आपल्या हातात नव्हता. पहिल्यांदा असा कायदा आला आहे, ज्याच्या सुरुवातीलाच सरकारनं लिहून कबूल केलं आहे की जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला. हा कागद कोणी आपल्याला मेहरबानी म्हणून दिला नाही. मोर्चे काढले, जेलात गेलो, तेव्हा आला. आता तो आपल्या हातानं भरायचा, सगळ्या पाड्यानं मिळून भरायचा. बंड तेच आहे, ज्या जागेवर हक्क खोडला गेला त्याच जागेवर तो परत लिहायचा.

२ मेच्या संध्याकाळी कामावरून आल्यावर प्रत्येक पाड्यात बसा. एक दिवा लावा. राघोजींची गोष्ट पोरांना सांगा, सगळी सांगा, चुकीसकट. मग त्याच दिव्याच्या उजेडात दोन म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. पोरांनी लिहायचं, म्हाताऱ्यांनी सांगायचं. आजीनं विचारलं की राघोजी आपल्यातला का, तर तो कागद तिच्या हातात द्या आणि सांगा, तुझं नाव त्याच्या नावाशेजारी लिहितोय, आजे. अंगठा दे. हा कागद कोरा नाही.

जोहार.